आरसी गाडी मध्येच बंद पडते? पार्ट बदलण्याआधी हे ऐका

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली थोडी पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसं.)

आजचा भाग पुण्यातून नाही, घरून रेकॉर्ड करतोय, म्हणजे मालगुंडहून. मध्येच घर्रर्र ऐकू आलं तर समुद्र समजू नका, शेजारचा पाण्याचा पंप आहे. सुट्टी दिवाळीची, फराळ झालाय, आणि गेले चार दिवस मी एकच काम केलंय. भाच्याची रिमोटवाली गाडी दुरुस्त करायचं. म्हणजे खरं सांगायचं तर तीन दिवस बिघडवायचं आणि चौथ्या दिवशी दुरुस्त करायचं.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरमधले बग शोधतो. बीटेक झालंय. तरीही या गाडीत मी भाच्याचे साडेतीन हजार रुपये घालवले, आणि बिघाड निघाला ऐंशी रुपयांचा. तो कसा निघाला ते आज सांगतो. तुमच्याकडे आरसी गाडी असेल तर पैसे वाचतील. नसेल तरी ऐका, कारण हाच आजार तुमच्या खिशातल्या जुन्या मोबाइललाही होतो. ते मध्ये येईलच.

आधी गाडीची वायरिंग, एका मिनिटात

दुकानातल्या साध्या खेळण्यात सगळं एकाच सर्किट बोर्डवर असतं. हॉबीवाल्या आरसी गाडीत पार्ट सुटे असतात, म्हणून ती दुरुस्त करता येते. बॅटरीतून दोन जाड वायरी निघतात, एका प्लगमधून जातात आणि ईएससीला पोचतात. ईएससी म्हणजे स्पीड कंट्रोलर. तो दोन कामं करतो. मोटरला हवा तेवढा करंट देतो, आणि बॅटरीचं व्होल्टेज कमी करून साधारण पाच-सहा व्होल्टवर रिसीव्हर चालवतो. रिसीव्हर म्हणजे रिमोटचं ऐकणारा डबा. त्याला सर्व्हो जोडलेला असतो, जो पुढची चाकं वळवतो.

एवढं लक्षात ठेवा: बॅटरी, प्लग, ईएससी, आणि तिथून दोन फाटे. एक मोटरला, एक रिसीव्हर आणि सर्व्होला. पुढची सगळी गोष्ट या एका रांगेत आहे.

गाडीचा आजार

भाचा नववीत आहे. ताई जाकादेवीला राहते, सुट्टी लागली की हा मामाकडे. मे महिन्यात रोज संध्याकाळी ओहोटीला गायवाडीच्या किनाऱ्यावर गाडी पळवली. ओली वाळू म्हणजे मस्त ट्रॅक. मीही पळवली, खोटं कशाला बोलू. खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय, मग काय! घरी येऊन फडक्याने पुसायची आणि ठेवून द्यायची. जूनमध्ये पाऊस लागला तशी गाडी खोक्यात घालून माळ्यावर गेली. चार महिने तिथेच.

दिवाळीत काढली. दोन बॅटऱ्यांपैकी एक फुगलेली. ती बाजूला ठेवली, तिच्याबद्दल शेवटी बोलतो. दुसरी चांगली होती. चार्ज केली, अंगणात सोडली. हळू चालवली तर झकास. वळतेय, मागे येतेय. पण रिमोटचा ट्रिगर पूर्ण दाबला की गाडी दोन हात पुढे जाऊन एकदम मरायची. सेकंदभराने ‘टी-टी-टीं’ असा बीप वाजायचा आणि परत चालू. परत फुल दाबा, परत तेच.

हा बीप लक्षात ठेवा. माझी सगळी चूक त्या बीपमध्ये आहे.

मी म्हटलं, सिग्नल जातोय. रिमोट आणि रिसीव्हर परत पेअर केले. काही नाही. मग म्हटलं, रिसीव्हर गेला. भाच्याच्या वाढदिवसाच्या पैशातून बाराशेचा मागवला. तेच. मग ईएससी. तेवीसशे. तो मी पुण्याहून निघतानाच बरोबर आणला होता, कारण ताईने फोनवर लक्षणं सांगितल्यावर मी फोनवरच निदान केलं होतं. [हसतो] नव्या ईएससीला प्लग नव्हता. म्हणून जुन्याचा प्लग वीतभर वायरीसकट कापून नव्याला सोल्डर केला.

अंगणात नेली. फुल दाबलं. मेली. टी-टी-टीं.

भाचा काही बोलला नाही. गाडी उचलून ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, “मामा, तू ऑफिसात पण असंच करतोस?”

खरं सांगतो, लागलं. कारण ऑफिसात असं केलं तर लीड मला उभा करेल. लॉग न वाचता कोड बदलायचा नाही, हे मी ज्युनिअर पोरांना सांगतो. रात्री तो आईला फोनवर सांगत होता, “गाडी विकून टाकू, नाय होणार ती.” पैसे गेलेच होते. पण त्याच्या डोक्यात ‘ही गोष्ट आपल्याला कळण्यातली नाही’ हे बसत होतं, ते जास्त वाईट होतं.

काका आणि दोन बल्ब

आमचे एक काका वायरमन होते. आता वय झालंय, पण गावात अजून कुणाचा पंप उचलत नसला की त्यांनाच हाक मारतात. सकाळी चहाला आले, ओट्यावर पसारा बघितला.

“काय झालंय हिला?”

“काका, फुल दिलं की बंद पडते. सगळं चेक केलं. व्होल्टेज बरोबर आहे, आठ पॉइंट एक येतंय. कंटिन्युइटी पण आहे, मीटरचा बझर वाजतोय.”

“लोडवर बघितलंस?”

मी गप्प.

काका म्हणाले, “अरे, टेस्टर लावला की दिवा लागतो, पण पंप उचलत नाय, असं किती घरी बघितलंय मी. टेस्टरला काय लागतं? काहीच नाय. लोड टाक, मग सांग.”

हे जरा सोडवून सांगतो, कारण आजच्या भागातला मुद्दा हाच आहे. मल्टीमीटर व्होल्टेज मोजताना जवळजवळ करंट घेतच नाही. वायर आतून कुजून दोन-चार तारा उरल्या असतील, तरी मीटरपुरतं व्होल्टेज त्यातून आरामात पोचतं. बझरचंही तसंच. बहुतेक स्वस्त मीटरचा बझर काही ओहम, कधी कधी तीस-चाळीस ओहम रेझिस्टन्स असला तरी वाजतो. आणि गाडीच्या जाड वायरीत पाव ओहमसुद्धा खूप झाला. म्हणजे मी जे मोजलं ते खरं होतं, पण मी चुकीचा प्रश्न विचारला होता.

काकांनी मोटरसायकलच्या इंडिकेटरचे दोन जुने बल्ब आणले, १२ व्होल्ट २१ वॉटवाले. ईएससी बंद ठेवला. जिथे बॅटरीच्या वायरी ईएससीला चिकटतात तिथे दोन्ही बल्ब जोडले. बल्ब पेटले. सगळा करंट आता बॅटरीतून, प्लगमधून, वायरींतून जात होता. मीटरने मोजला, २.७ अँपिअर.

मग मी मोजमाप घेतलं. लायपो बॅटरीला जाड वायरींशिवाय एक छोटा पांढरा प्लग असतो, बॅलन्स प्लग. त्याच्या कडेच्या दोन पिना थेट सेलपर्यंत जातात आणि त्यातून आपला करंट वाहत नसतो, म्हणून तिथे बॅटरीचं खरं व्होल्टेज कळतं. तिथे आलं ८.० व्होल्ट. आणि बल्बपाशी? ७.३.

०.७ व्होल्ट रस्त्यात गायब!

मग एकेक बाजू. मीटरची एक पिन वायरीच्या सुरुवातीला, दुसरी शेवटाला, बल्ब पेटलेलेच. लाल बाजूला ०.०४ व्होल्ट. काळ्या बाजूला ०.६६. सापडला!

आता बेसिक इलेक्ट्रिकलच्या पेपरात मी ज्यावर मार्क घेतले तो ओहमचा नियम. ०.६६ भागिले २.७, म्हणजे साधारण पाव ओहम. ट्रिगर फुल दाबल्यावर मोटर धक्क्याला २० अँपिअर मागते असं धरा. २० गुणिले पाव म्हणजे ५ व्होल्ट त्या एका वायरीत खलास. आठातून पाच गेले, ईएससीला उरले तीन. तीनवर ईएससीही जगत नाही, रिसीव्हरही नाही. दोघंही बंद. बंद झाल्याबरोबर करंट थांबतो, व्होल्टेज परत आठ होतं, ईएससी नव्याने चालू होतो आणि सुरुवातीचा बीप वाजवतो.

टी-टी-टीं.

तो बीप म्हणजे लॉग होता मंडळी! ईएससी ओरडून सांगत होता, “माझी वीज गेली होती.” ईएससीचीच वीज जाते म्हणजे बिघाड त्याच्या आधी आहे, बॅटरी किंवा प्लग किंवा मधली वायर. रिसीव्हर तर ईएससीच्या नंतर येतो. बाराशे रुपये घालवण्याआधी एकदा शांतपणे ऐकलं असतं तर अर्धी गाडी तिथेच यादीतून बाद झाली असती.

काळी वायर प्लगपासून इंचभर सोलली. आत तांबं नव्हतंच दिसत, काळा-हिरवा भुगा. आणि हीच वायर मी कापून नव्या ईएससीला लावली होती! बग कॉपी-पेस्ट केला मी. [हसतो]

मोबाइलचं काय मग?

जुना फोन वीस टक्के बॅटरी दाखवतो आणि कॅमेरा उघडला की पटकन बंद होतो, हे बघितलंय ना? तीच गोष्ट. बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रेझिस्टन्स वाढतो. साधं चाललंय तोवर व्होल्टेज टिकतं, कॅमेऱ्याने एकदम करंट मागितला की कोसळतं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ॲपलने जाहीरपणे मान्य केलं होतं की जुन्या बॅटरीचे काही आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून ते सॉफ्टवेअरने त्यांचा वेग कमी करत होते. म्हणजे लोडच कमी करत होते. आमच्या गाडीत वायर कुजली होती, त्यांच्यात बॅटरी थकली होती. हिशोब एकच.

समुद्राने नेमकं काय केलं

इथे आम्हा कोकणातल्या पोरांनी कान द्यायला हवा. खारं पाणी वाळतं, पण मीठ तिथेच राहतं. ते मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. आमच्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट की माळ्यावरच्या खोक्यातही मीठ ओलंच. मग तांबं गंजत राहतं. वायर अनेक बारीक तारांची असते, त्या तारांच्या फटींतून खारं पाणी वातीसारखं आत चढतं, म्हणून बाहेरचं आवरण छान दिसतं आणि आत भुगा. ‘वॉटरप्रूफ’ म्हणजे सर्किटला पाण्यापासून संरक्षण. उघड्या प्लगला नाही, आणि मिठापासून तर नाहीच.

किनाऱ्यावर चालवायचीच असेल, आणि मालगुंडात राहून ती चालवणार नाही असं मी म्हणूच शकत नाही, तर घरी आल्यावर आधी बॅटरी काढा. मग गोड्या पाण्याने हलक्या धारेखाली धुवा. सर्किट वॉटरप्रूफ नसेल तर धुण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. प्लगलाही तेच. मग पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, उन्हात तापवू नका. बंद खोक्यात ओली गाडी कधीच ठेवू नका. आणि मोटरचे बेअरिंग धुतल्यावर तेलाचा थेंब मागतात.

तुमच्या गाडीत शोधायचं कसं

पहिली गोष्ट: चाकं हवेत. गाडी डब्यावर किंवा विटेवर अशी ठेवा की चारही चाकं मोकळी फिरतील. चालू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. आता लक्षणं.

काहीच होत नाही, दिवासुद्धा नाही. बॅटरी, प्लग, ईएससीचा स्विच, याच क्रमाने मोजा. स्विच हा किनाऱ्यावर लवकर मरू शकणारा पार्ट आहे.

चाकं वळतात, मोटर फिरत नाही. म्हणजे रिसीव्हरपर्यंत वीज पोचतेय. मोटरला दोन वायरी असतील तर ती ब्रशवाली आहे. ईएससीपासून सोडवा आणि छोट्या बॅटरीला क्षणभर थेट लावून बघा. फिरली तर मोटर ठीक, ईएससी किंवा त्याचं सेटिंग बघा. तीन वायरी असतील तर ती ब्रशलेस, ती बॅटरीला थेट कधीच लावायची नाही. ब्रशलेस जागच्या जागी थरथरत असेल, फिरत नसेल, तर तीनपैकी एक वायर सुटलेली किंवा ढिली असण्याची शक्यता मोठी.

मोटर फिरते, चाकं वळत नाहीत. रिसीव्हरवर सर्व्होची आणि ईएससीची पिन एकमेकांच्या जागी लावा आणि ट्रिगर दाबा. हलला तर सर्व्हो ठीक, चॅनेलमध्ये गडबड. नाही हलला तर सर्व्हो गेला. एक पैसा खर्च नाही.

स्टिअरिंग वळवताना सगळं रीसेट होतं. सर्व्हो अडकला की भरपूर करंट ओढतो आणि रिसीव्हरची वीज पाडतो. सर्व्होची पिन काढा आणि फक्त मोटर चालवून बघा. रीसेट थांबला तर गुन्हेगार सर्व्हो, किंवा त्याचा अडकलेला दांडा.

मोटरचा जोर अचानक जातो, पण चाकं नीट वळत राहतात आणि बीप परत वाजत नाही. हा बहुधा बिघाड नाहीच. ईएससी बॅटरी संपली म्हणून किंवा स्वतः तापला म्हणून मोटर तोडतोय. त्याच्या दिव्याचा रंग आणि झपका बघा, माहितीपत्रकात अर्थ दिलेला असतो.

लांब गेल्यावरच बावचळते. आता सिग्नलवर संशय घ्या. अँटेनाची वायर तुटलीय का, मोटरच्या वायरींना चिकटलीय का ते बघा. ब्रशवाल्या मोटरवर छोटे चपटे कपॅसिटर असतात, ‘१०४’ आकडा लिहिलेले. ते ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट दाबतात. एक तुटला की रिसीव्हर बहिरा होतो.

आणि फुल दिल्यावर मरते, बीप वाजून उठते? आता तुम्हाला माहितीय. दोन बल्ब शोधा.

एक साधी युक्तीही सांगतो. दोन-तीन मिनिटं गाडी चालवा, थांबवा आणि प्लगला बोट लावा. प्लग वायरींपेक्षा गरम लागला तर तुमचं व्होल्टेज तिथे उष्णता होऊन जातंय.

सोल्डर करताना, आणि ती फुगलेली बॅटरी

बॅटरीचा प्लग बदलताना दोन्ही वायरी एकदम कापायच्या नाहीत. कटरचं पातं दोघींना एकदम लागलं की शॉर्ट, आणि लायपोचा शॉर्ट म्हणजे फटाका नाही, आग. एक वायर कापा, सोल्डर करा, झाका, मग दुसरी. जाड वायरीला साठ वॉटची तरी इस्त्री लागते, म्हणजे सोल्डरिंग आयर्न हो. पंचवीसवाल्याने वरवर चिकटतं आणि परत तोच पाव ओहम तयार होतो.

लायपोचा प्रत्येक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. ३ च्या खाली गेला की खराब होतो. बरेच दिवस ठेवायची असेल तर प्रत्येक सेल ३.८ च्या आसपास ठेवा. आमची पूर्ण भरून चार महिने पडून होती, म्हणून फुगली. फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, टोचायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. तोवर आम्ही ती घराबाहेर, वाळूने भरलेल्या मातीच्या कुंडीत ठेवलीय. आणि चांगली बॅटरीसुद्धा गादीवर ठेवून, चार्जिंगला लावून झोपायचं नाही. बॅलन्स चार्जर, लादी, आणि समोर जागा माणूस.

शेवट काय झाला

काळी वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापली, नवा प्लग लावला. ऐंशी रुपये. परत बल्ब, परत मीटर. या वेळी मीटर भाच्याच्या हातात होता, मी फक्त बघत होतो. म्हणाला, “मामा, पॉइंट शून्य तीन.”

अंगणात नेली. फुल दाबलं. थेट जांभ्याच्या गडग्यावर आपटली आणि पुढचा बंपर तुटला. पण बंद पडली नाही!

साडेतीन हजार मी त्याला परत दिले, माझ्या चुकीचे होते. जुना ईएससी आणि जुना रिसीव्हर दोन्ही उत्तम चालतायत, आता स्पेअर म्हणून पडलेत. काल शेजारचा एक मुलगा आपली बंद गाडी घेऊन आला. भाच्याने त्याला पहिलाच प्रश्न विचारला, “बंद पडल्यावर बीप वाजतो का?” मी आत चकली खात होतो, बाहेर आलोच नाही.

तर मंडळी, दोन-तीनशे रुपयांचा मल्टीमीटर आणि गॅरेजमधून आणलेले दोन जुने बल्ब, एवढं घरात ठेवा. तुमची गाडी कशी बंद पडते ते मला व्हॉइस नोटवर सांगा. फक्त ‘चालत नाही’ एवढंच नको. काय करताना, किती वेळाने, आणि आवाज कसला येतो, तेही सांगा. भेटू पुढच्या भागात. पंप अजून चालूच आहे बघा.